माबेल्याच्या गेटवर कोरडी चेन

मस्कतमध्ये सगळ्यात आधी नजरेत भरली ती हिरवळ. हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना, तापलेल्या खडकावर नळीने पाणी पाजून जगवलेली. माझा मामेभाऊ महेशदादा पिकअप चालवत कौतुकाने सांगत होता, "इथे मळकी गाडी रस्त्यावर आणली तरी पोलीस हटकतात." ऐकायला बरं वाटलं. ही स्वच्छता कोणाच्या जिवावर उठते, ते दुसऱ्या संध्याकाळी कळलं.

दादा माबेल्यात राहतो. मस्कतचं हे बाहेरचं टोक. कामगार आणि नवे संसार इथे दाटीने असतात. त्याच्या खोलीसमोर एका कंपनीचा लेबर कॅम्प आहे. मी दारात चहा घेत असताना एक माणूस सायकल हाताने ढकलत आला. चाक फिरलं की चेन रडत होती.

"हे इक्बालभाई. हर्णैचे," दादा म्हणाला.

इक्बालभाई अल मवालेहच्या भाजीबाजारात कोल्ड स्टोरेजमध्ये पेट्या लावतात. कंपनीची बस शेवटच्या माणसाचं काम संपेपर्यंत हलत नाही. तोवर हर्णैत त्यांची मुलगी सना झोपलेली असते; तिकडचं घड्याळ दीड तास पुढे. म्हणून ही सायकल. सायकलवरून आले, तर सना फोनवर जागी सापडते.

"आज वाटेत चेन उतरली. चालत आलो," ते म्हणाले. "झोपली असंल आता."

"मग तेल का नाही घालत?"

"बंदी हाय."

बंदी घालणारा कॅम्प बॉस सावंत, आपल्याच सिंधुदुर्गातला. अंगणात नव्या लाद्या बसवल्या होत्या. अर्बाबला (मालकाला) डाग खपत नाहीत, म्हणून सायकल धुवायची नाही, तेल घालायचं नाही. तेलकट सायकल दिसली की ती भंगाराच्या गाडीत. समुद्रावरून येणाऱ्या दमट वाऱ्याला मात्र बंदी नव्हती. तो रोज चेनवर गंज चढवत होता.

आमच्या घरात पंचांगाच्या आधी युनियनची पत्रकं येत. सावंतला जाब विचारायला मी चप्पल घालून उठलोच. दादाने दंड धरला. "बस खाली. तू चार दिवसांचा पाहुणा. व्हिसा इक्बालभाईंचा जाईल, तुझा नाही."

मी बसलो. चहा तसाच राहिला.

शुक्रवारी दादाला सहम या किनाऱ्यावरच्या गावी, एका शेतावरच्या कूलरच्या दुरुस्तीला जायचं होतं. इक्बालभाईंना सुट्टी होती. आम्ही सायकल पिकअपमध्ये टाकली आणि किनाऱ्याच्या बाजूने निघालो. डावीकडे करडे डोंगर, उजवीकडे खजुरीच्या बागा, मध्ये मशिदींचे निळे घुमट. वाटेत पराठ्यात अंडं गुंडाळून घेतलं. अंडं सगळं माझ्या शर्टावर सांडलं. इक्बालभाई म्हणाले, "सावंताला दाखवू नको हां. तुला पण भंगारात टाकंल."

शेतावर पंपाचं पाणी पाटातून खजुरींना जात होतं. मी सायकल पाटाकाठी उलटी केली आणि चेन धुवायला डिझेलचा डबा उघडला. तेवढ्यात मागून एक म्हातारा ओमानी काठी टेकत आला. शेत त्याचंच. या किनाऱ्यावर जुन्या माणसांना हिंदी येते.

"पानी के पास नहीं, भाई. ये पानी खजूर पीता है."

मी ओशाळलो. म्हाताऱ्याने आम्हाला थेट आपल्या घराच्या ओट्यावर नेलं, खजुराच्या पेटीचा पुठ्ठा अंथरला, पसरट पत्र्याचं टोपलं दिलं आणि समोर बसून गहवा (वेलदोड्याची कडू कॉफी) ओतू लागला. ओट्यावर काळे थेंब पडले. त्याने पाहिलं आणि पुन्हा पेला भरला. इकडे अर्बाब स्वतःच्या ओट्यावर डाग पडू देतो, तिकडे आपला सावंत अर्बाबच्या नावाने माणसांचा गळा दाबतो. ती कॉफी मला आणखीच कडू लागली.

जुन्या ब्रशने आम्ही एकेक कडी घासली. टोपल्यात गंजाचा चिखल साचला. मी कोकणातल्या सवयीने ग्रीसचा गोळा उचलला. आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर चेन अशीच लिंपतात.

"ठेव ता. आपल्याकडे पाणी लागतं, हितं वाळू. ग्रीसला ती चिकटंल," इक्बालभाई म्हणाले. त्यांनी शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब प्रत्येक सांध्यात सोडला, मी पेडल उलटं फिरवत राहिलो. मग फाटक्या बनियनने चेन बाहेरून कोरडी होईपर्यंत पुसली. चाक फिरवलं. आवाज नाही. इक्बालभाईंनी उगाच पुन्हा फिरवलं.

संध्याकाळी कॅम्पच्या गेटवर सावंत उभा होता. सायकलचा आवाज येईना, म्हणून त्याला संशय आला.

"तेल घातलंस, इक्बाल?"

"बघा ना सायेब."

सावंतने खिशातून पांढरा टिश्यू काढून चेनवर ओढला. टिश्यू पांढराच. इक्बालभाई खाली बघत हसले. तिथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण पोक्त वयाच्या माणसाची शाळेतल्या पोरासारखी नखं तपासावीत, तसं ते बघून माझ्या डोक्यात सणक गेली.

"यांचीच चेन का तपासता? नियम आहे तर सगळ्यांना सारखा लावा," मी म्हणालो. "आधी तुमच्या गाडीखाली बघा, केवढा तेलाचा डाग आहे."

गेटवरचे दोघेतिघे हसले. सावंतने वाकून डाग पाहिला, मग शांतपणे टिश्यूची घडी केली.

"बरोबर बोललात पाहुणे. उद्यापासून सगळ्यांच्याच चेन बघू. रोज, गेटवर. खलास."

"कशाला डोका तापवलंस रे," इक्बालभाई एवढंच म्हणाले आणि सायकल आत घेऊन गेले.

भारतात परत आल्यावर शेतावरच्या त्या म्हाताऱ्याने दिलेला खजूर पोचवायला हर्णैला गेलो. सनाच्या आईने चहा केला. सना भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर फोन. मी सायकलची गोष्ट सांगितली, चाक किती हलकं फिरतं तेही. ती हसली.

"हल्ली उशीर होतो त्यांना," आई म्हणाली. "गेटवर लाईन लागते म्हणे. सगळ्यांच्या सायकली तपासतात."

मी मान खाली घातली. फोन वाजला तेव्हा सनाचा डोळा लागला होता. आईने तो हळूच तिच्या हातातून काढून घेतला. पलीकडून इक्बालभाई धापा टाकत विचारत होते, "जागी हाय का?"

माझ्या खिशात कॅम्पच्या नियमांवर काढायच्या पत्रकाचा मसुदा होता. 'सर्वांना समान नियम' ही त्यातली पहिली ओळ मी तिथेच खोडली आणि लिहिलं: हा नियमच नको.