शेषराव मास्तरांचा सॅक्सोफोन आणि आमचा बँड

शेषराव मास्तरांना मी प्रथम पाहिले ते जिंतूरकडच्या एका लग्नात. मी तेव्हा गावच्या भजनात पेटी वाजवत असे आणि वऱ्हाडाबरोबर गेलो होतो. बँडवाल्यांची पंगत नेहमी शेवटची. त्या दिवशी त्यांच्या वाट्याला नुसता भात उरला. यजमानांनी मास्तरांना एकट्यालाच आत बोलावले, तेव्हा ते हात जोडून म्हणाले, "माझी माणसं बसली की मी बसतो." मग पुन्हा चूल पेटली, पोळ्या झाल्या आणि सगळा बँड एका ओळीत जेवला. त्यांच्या वादनाच्या आधी मला त्यांचे हे वागणे आवडले. पुढच्या हंगामात मी सेलूला त्यांच्याकडे क्लॅरिनेट शिकायला गेलो, तो अजून त्यांच्याच बँडमध्ये आहे.

मास्तर आधी गाऊन शिकवतात. "गाता येत न्हाई ते फुंकू नका," एवढा एकच नियम. वरातीला निघताना ते सॅक्सोफोन कपाळाला लावतात. देवाचे नाव मोठ्याने घेताना मी त्यांना कधी ऐकलेले नाही, पण त्यांच्यामागे उभा राहून मीही तेवढ्यात डोळे मिटून घेतो.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या चाली वाजवलेल्या मास्तरांनी सत्तरी ओलांडल्यावर स्वतःची रचना बांधली. एका बाजूला एकटा सॅक्सोफोन, दुसऱ्या बाजूला सगळा बँड. या प्रकाराला कॉन्चेर्टो म्हणतात, असे त्यांना लष्करी बँडमधून निवृत्त झालेल्या त्यांच्या गुरूंनी सांगितले होते. रचनेचे भाग तीन. पहिल्यात सॅक्सोफोन विचारतो आणि बँड उत्तर देतो; तिसऱ्यात सगळे मिळून धावतात. अवघड होता तो मधला. त्यात सॅक्सोफोन एकटाच वाजतो, मध्येच थांबतो, आणि तो थांबलेला असताना कोणी काही वाजवायचे नाही.

नेमके हेच आम्हाला जमेना. वरातीत सूर तुटला की नाचणारे थांबतात आणि बँडची अब्रू जाते. म्हणून मास्तरांनी श्वास घेतला की बाकीच्यांनी ती जागा भरायची, ही आमची जन्माची सवय. मास्तरांचे जुने सोबती, ढोलवाले करीमचाचा, तर प्रत्येक तालमीत चुकत.

"मास्तर, तुमी दम घेतला की हात आपोआप उठायलाय."

"मग हातावर बसा, चाचा."

"हातावर बसल्यावर ढोल कोन वाजवल? तुमचा सासरा?"

मास्तर सगळ्यांत मोठ्याने हसले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

त्याच दिवसांत परभणीच्या दातांच्या डॉक्टरांनी सांगितले की वरचे पुढचे दात हलायला लागले आहेत, ते काढावेच लागतील. सॅक्सोफोनचे तोंड त्याच दातांवर टेकवून धरायचे असते. दात गेल्यावर वाजवता येईल का, हे कोणीच सांगू शकत नव्हते. मास्तर डॉक्टरांना म्हणाले, "एकदा हे वाजवू द्या. मग काय काढायचं ते काढा."

पोखर्णीला नृसिंहाच्या देवळासमोर सतरंज्या टाकून एका सकाळी ती रचना आम्ही सादर केली. पहिला भाग छान झाला. मधल्या भागात मास्तर वाजवता वाजवता थांबले. करीमचाचांचे हात मांडीवरून हलले नाहीत. कोणीच चुकले नाही, याचा आम्हाला अभिमान वाटला. पण ती शांतता संपेना. मी शेजारीच होतो. पाहिले तर मास्तरांच्या ओठावर रक्त होते आणि वाद्याचे तोंड दातांवर ठरत नव्हते. मास्तर थांबले नव्हते, अडले होते. आणि आम्ही मात्र शहाण्यासारखे गप्प!

"हे काई खरं न्हाई," करीमचाचा पुटपुटले आणि त्यांनी काठी न घेता नुसत्या बोटांनी ढोलावर ठेका धरला, अगदी हळू. मी खालचा षड्ज लावला. एकेक जण त्यात मिसळत गेला. त्या आधारावर मास्तरांनी ओठ पुसला, वाद्य तोंडाच्या कोपऱ्यात धरले आणि सूर लावला. आधी बारीक, मग भरून. तिसरा भाग शेवटापर्यंत झाला.

नंतर करीमचाचा मान खाली घालून म्हणाले, "मास्तर, आजबी चुकलो."

"चाचा, आता दरवेळी तिथंच चुकायचं," मास्तर म्हणाले. तेव्हापासून ती ढोलावरची बोटे त्या रचनेतच आहेत. इतक्या वर्षांनी घडवलेल्या एकुलत्या एका रचनेत त्यांनी दुसऱ्याचा हात इतक्या सहज राहू दिला.

दात गेले, कवळी आली. कित्येक महिने नुसती हवा निघे. मास्तर रोज सकाळी एकच सूर धरून बसत. परवा तालमीला गेलो तेव्हा ते मधला भाग वाजवत होते. सूर पूर्वीइतका जाड नाही, पण सरळ होता. मी विचारले, "दुखतं का, मास्तर?"

"दुखत न्हाई, पण दात माझं ऐकत न्हाईत. नवीन माणसं हायेत, शिकतील."

पंच्याहत्तराव्या वर्षी नव्या माणसांना शिकवायला बसलेल्या आमच्या मास्तरांना नृसिंहाने निरोगी शरीर आणि छातीभर श्वास द्यावा. आणि ती नवी माणसे पक्की तयार झाल्यावरही मास्तरांना त्यांच्याकडून काम करून घ्यायला पुष्कळ वर्षे मिळावीत, एवढेच त्याच्याकडे मागणे आहे.