मोडकी छत्री आणि आशीर्वादाचं पाणी

सर्व संबंधितांस, तसेच ज्यांचा काडीचाही संबंध नाही पण चौकशी केल्याशिवाय ज्यांना घास उतरत नाही अशा आमच्या उत्तनच्या तमाम शेजाऱ्यांस, या लेखाने जाहीर करण्यात येते की आमच्या घरातली काड्या मोडलेली, कापड विरलेली काळी छत्री ही एक पवित्र वस्तू होती. तिला टाकणं पाप होतं. विकणं त्याहून मोठं पाप. उघडणं मात्र पाप नव्हतं, कारण ती उघडतच नव्हती.

छत्रीला हा मान मिळवून दिला माझ्या आत्याने. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. तिचा नवरा बोटीवर स्वयंपाकी होता, तो तापाने तिकडेच गेला आणि सासरच्यांनी वर्षाच्या आत तिला गोराईहून परत धाडली. होडीतून उतरली तेव्हा तिच्याबरोबर एक सागवानी खाट आणि एक पत्र्याची ट्रंक होती. खाट आमच्या आतल्या खोलीत लावली आणि ती खोली आत्याची झाली. कुणी तिला ती दिली नव्हती. फक्त कुणी परत मागितली नव्हती, इतकंच.

आता आमच्याकडची रीत सांगतो. पास्खाचा, म्हणजे ईस्टरचा सण झाला की पाद्री घरोघर फिरून घरांना आशीर्वाद देतात. लॅटिनमध्ये प्रार्थना म्हणत प्रत्येक खोलीत पवित्र पाणी शिंपडतात. आणि आशीर्वाद मिळालेली वस्तू उकिरड्यावर टाकायची नसते, हे आमच्या गावात लहान पोरालाही ठाऊक. तुटलेली जपमाळसुद्धा आम्ही पुरतो. आत्याने या दोन गोष्टींची अशी काही गाठ मारली की एखाद्या वकिलाने हात जोडावेत. पाद्री यायच्या सकाळी ती आपलं सगळं सामान खाटेवर मांडून ठेवी. छत्री, झाकण हरवलेली बरणी, बंद पडलेलं घड्याळ, तीन पायांचं स्टूल, नवऱ्याचे बूट. पाणी उडालं की संपलं. नंतर आईने बरणीला नुसता हात लावला तरी आत्या शांतपणे म्हणे, "पाणी पडलंय त्याच्यावर. टाकायची तर टाक, माझं काय न्हाय."

दरवर्षी त्या खाटेवर एखादा नवा संत दाखल होई. वडील म्हणत की आपल्या घरात माणसांपेक्षा पवित्र सामान जास्त झालंय, थोड्या दिवसांनी आपल्यालाच बाहेर झोपावं लागेल. आम्ही पोट धरून हसायचो. आत्याही हसायची, पण खाटेवरून उठायची नाही.

मग माझं लग्न ठरलं.

लढाईचे दिवस होते. मी मुंबईत एका गोदीत कारकून होतो, शनिवारी भाईंदरला उतरून उत्तन गाठायचो. चोवीस वर्षांचा, केसांना तेल, खिशाला पेन, आणि स्वच्छता, हवा, उजेड या विषयांवर कुठेही व्याख्यान द्यायला तयार. नवरानवरीला आतली खोली लागणार हे घरात सगळ्यांना कळत होतं. आत्याला सांगायचं कुणी, एवढाच प्रश्न होता. वडील माझ्याकडे बघत, आई चुलीकडे बघे. मी मात्र आत्याला काही सांगितलंच नाही. मी सामानाबद्दल बोलायला लागलो. घरात अडगळ फार झालीय, एकदा सगळं काढायला हवं.

आणि मी थेट पाद्र्यांकडे गेलो. विचारलं, फादर, घराला आशीर्वाद देताना पाणी छत्रीवर पडलं तर छत्री पवित्र होते का? फादर इतके हसले की त्यांना खोकला आला. म्हणाले, "अरे, आशीर्वाद घरात राहणाऱ्या माणसांना असतो. सामानाला नसतो."

दोन वाक्यं होती. मी घरी आणलं दुसरं. ओटीवर सगळ्यांच्या देखत, हात वर करून, फादरांच्या आवाजात मी निकाल वाचून दाखवला: सामानाला नसतो. नक्कल मला छान जमायची. आई पदर तोंडाला लावून हसली. आत्याने एकदाच विचारलं, "आणखी काय म्हणाले फादर?" मी म्हणालो, आणखी काय म्हणणार.

पुढच्या शनिवारी भाईंदरहून जुनं लोखंड आणि बाटल्या घेणारा बैलगाडी घेऊन आला. काय तो सोहळा! एकेक वस्तू मी उंच धरून दाखवायचो, तिचा मृत्युलेख वाचायचो आणि गाडीत टाकायचो. कुंपणापाशी शेजारी जमले होते, टाळ्या पडत होत्या. छत्रीला तर मी लष्करी सलाम ठोकला. बुटांच्या वेळी आत्या आत निघून गेली. तेव्हा मला वाटलं, तिला ऊन लागत असेल.

खाट मात्र दिली नाही. सागवानी होती, चांगली रुंद होती. ती आम्ही आमच्यासाठी ठेवली.

खोली रिकामी झाल्यावर आत्याला काही सांगावंच लागलं नाही. तिने आपली ट्रंक आणि चटई उचलली आणि मागच्या पडवीत, जाळी आणि सरपण ठेवायचो तिथे, नेऊन ठेवली. त्या मोडक्या बरण्या आणि घड्याळं म्हणजे तिचं कुंपण होतं, हे मला आज कळतं. भरलेला कोपरा कुणी मागत नाही. त्या वेळी मी बायकोला अभिमानाने खोली दाखवत होतो, बघ, किती हवा खेळते.

पुढचा पास्खा आला. खोलीत नवी चादर, नवा पडदा, भिंतीला चुना. मधल्या वर्षात आत्याने फादरांना केव्हातरी स्वतःच विचारून ते पहिलं वाक्य ऐकलं असणार, कारण त्या सकाळी ती अंघोळ करून, ठेवणीतलं लुगडं नेसून पडवीतून आली आणि थेट आतल्या खोलीत खाटेसमोर उभी राहिली. हात जोडलेले, डोकं खाली. फादर लॅटिन म्हणत दारात आले. आम्ही सगळे त्यांच्या मागे दाटीने उभे. त्यांनी पाण्यासाठी हात उचलला, आणि माझी बायको, माझे आईवडील, गावातली चार माणसं ऐकत असताना मी मोठ्याने म्हणालो,

"आत्या, बाजूला हो जरा. खोलीवर पडू दे पाणी."