शेजाऱ्यांची उडती तबकडी

"कुणी सांगितलं ते विचारू नका, का लपवलं ते विचारा," असं म्हणून आमचे शेजारी उजव्या हाताचं बोट आधी छताकडे नेत आणि मग स्वतःच्या ओठांवर ठेवत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपल्याकडची फॉरवर्ड पाठवून मोकळी होतात. हे मात्र घरी बोलावून, कॉफी करून, सोबत एक बिस्किट देऊन सांगत. बिस्किट एकच.

नेदरलंड्समधल्या फेल्डहोवनला आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात त्यांनी कुंपणापलीकडून मला संस्कृत येतं का असं विचारलं. शाळेत शंभर मार्कांचं होतं, असं मी म्हटलं आणि फसले. तेव्हापासून मी त्यांची 'बूरफ्राउ', म्हणजे शेजारीणबाई, आणि शिवाय प्राचीन विमानविद्येची घरपोच तज्ज्ञ. वास्तविक मी चिप बनवायच्या यंत्रांची कंपनं मोजते. पण हे त्यांनी कधी मनावर घेतलं नाही.

ते भूगोलाचे निवृत्त शिक्षक. बायको वारलेली, मूलबाळ नाही. वरच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत फायली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की युद्धाआधी जर्मनीत एक गुप्त मंडळी होती. त्यातल्या लांब केसांच्या एका बाईला दूरच्या ताऱ्यावरून अगम्य लिपीत निरोप येत. त्या निरोपांवरून जर्मनांनी उडत्या तबकड्या बांधल्या, आणि मूळ विद्या अर्थातच भारतातून पळवलेली होती. हे शेवटचं ते मला खूश करायला म्हणत. आमच्या मराठी ग्रुपवर हीच गोष्ट आठवड्याआड येत असल्यामुळे मी काही खूश होत नसे.

फायली मी चाळल्या. सगळी पुस्तकं युद्ध संपून कित्येक वर्षं झाल्यावरची. हे पुस्तक त्याचा हवाला देतं, ते ह्याचा. त्या काळातला एक कागद म्हणून नाही. मी तसं बोलून दाखवलं, की बोट छताकडे.

पण एक कागद त्यांच्याकडे खरंच होता. त्यांच्या वडिलांना युद्धात जर्मनीतल्या कारखान्यात सक्तीच्या मजुरीला नेलं होतं, तिथून त्यांनी तो आणलेला. वडील गेल्यावर, अंत्यविधीनंतरच्या कॉफीच्या वेळी, आमचे शेजारी नातेवाइकांना तबकडीची गोष्ट सांगू लागले, तेव्हा त्यांची थोरली बहीण सगळ्यांदेखत म्हणाली, ही शुद्ध थाप आहे. त्यानंतर बारा वर्षं भाऊ-बहीण बोलले नव्हते. बहीण नायमेखनला राहायची, गाडीने तासाभराच्या अंतरावर.

"माझे वडील थापाडे नव्हते. हा कागद वाचला गेला, की तिला ते कबूल करावं लागेल," ते मला म्हणाले. हे बोलताना बोट कुठेच गेलं नाही. आणि त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला.

वरचा कोपरा फाटलेला. एका बाजूला अगम्य लिपी. दुसऱ्या बाजूला पेन्सिलीने काढलेली तबकडी: एकावर एक दोन जाड चकत्या, वरच्या चकतीवर उभा खुंटा, फिरण्याची दिशा दाखवणारा बाण, कडेने खाली पडणाऱ्या बारीक रेषा. हे प्रकाशकिरण, असं ते म्हणाले. मला आधी खुंटा खटकला. वेगाने फिरणाऱ्या यंत्राला असा एका कडेला खुंटा कोण ठेवील? मग मी कागद उलटा केला, आणि त्या अगम्य लिपीतली डोक्यावरची लांबच लांब रेघ ओळखीची वाटली.

माझे बाबा भूमी अभिलेख खात्यात होते. मोडी वाचण्यात त्यांचा हात धरणारा त्या कचेरीत कुणी नव्हता. मी त्यांना फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांचा आवाजी निरोप आला. "अगं, ह्यात विमान कुठेच नाही. म्हैस आहे."

ते घरचं पत्र होतं. म्हैस व्यायली, रेडी झाली. जात्याला टाकी लावून घेतली, आता पीठ बारीक पडतं. तू जीव सांभाळ. एवढंच. युद्धात जर्मनांच्या कैदेत आपले शिपाईही होते, त्यांतल्याच कुणाला आलेलं असणार, असं बाबा म्हणाले. त्या उपाशी माणसाने शेजारच्या मजुराला, म्हणजे ह्यांच्या वडिलांना, पत्र समजावून सांगताना मागे जातं काढलं होतं.

मी दोन आठवडे शेजाऱ्यांना टाळलं. लिपी लागत नाही असं सांगून टाकावं, असंही मनात येऊन गेलं. त्या माणसाचं म्हातारपण त्या कागदावर उभं होतं आणि मला त्यांची दया येत होती. पण खोटं सांगितलं असतं तर मीही त्या फायलींतलंच एक पान झाले असते. शेवटी गेले आणि सगळं सांगितलं. जातं कसं चालतं तेही हाताने फिरवून दाखवलं.

त्यांनी कागद जवळ ओढला आणि चित्रातल्या खुंट्यावर बोट ठेवलं. मी विचारलं, वडील नेमकं काय म्हणायचे?

"म्हणायचे, फार लांबून आलेल्या एका माणसाने दिला. त्याच्या घरी असं फिरणारं यंत्र होतं." मग ते म्हणाले, "तारा ते कधीच म्हणाले नाहीत. जर्मन मंडळीही नाही. ते मी पुस्तकांतून घातलं. थाप माझी आहे, बूरफ्राउ."

त्यांनी माझ्यासमोरच बहिणीला फोन लावला. डच मला बेताचं कळतं. 'बाबा' आणि 'मी' एवढे दोन शब्द पुन्हा पुन्हा ऐकू आले. पुढच्या रविवारी ते गाडी पकडून नायमेखनला गेले, आणि मग दर रविवारी जात राहिले. त्या हिवाळ्यात, एका सोमवारी, ते झोपेतच गेले.

घर आवरायला बहीण आली. ऐंशीच्या घरातली, ताठ बाई. फायली रद्दीच्या निळ्या डब्यात मावेनात, म्हणून मी मदतीला गेले. लहानपणी कागदाबद्दल दोघंही वडिलांना छळायचो, असं ती म्हणाली. "तो नेहमी यंत्राचं विचारायचा. मी त्या माणसाचं नाव विचारलं होतं. पहिल्या रविवारी त्याला ते सांगितलं, तर रडला. म्हणाला, आयुष्यभर मी त्या माणसाला ताऱ्यावर ठेवलं."

"काय नाव होतं?" मी विचारलं.

"खानपात."

मला क्षणभर काही लागेना. मग आठवलं, की इथे ग लिहितात आणि ख म्हणतात.

"गणपत," मी म्हटलं.

तिने हातातली फाइल खाली ठेवली आणि नाव म्हणून बघितलं. जमलं नाही. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं.