तो आवाज आणि दत्तूचं मनगट

दत्तूचं डावं मनगट मी मोडलं होतं.

तो सायकलवरून वगैरे पडला नव्हता. हॉकी स्टिकचे दोन फटके मारले मी.

आज सकाळी दत्तू गेला, म्हणून लिहून राहिलोय. इतकी वर्षं कुणाला बोललो नाही.

मध्य प्रदेश होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. आम्ही दोघं स्नेहलतागंज मोहल्ल्यात शेजारी. दत्तूच्या मामाने मुंबईहून एका विलायती रॉक बँडची रेकॉर्ड आणली, आणि आम्ही कामातून गेलो. त्यातली गिटार वाजायची नाही, गुरगुरायची.

ठरलं, यंदा गणपतीत सगळ्या मराठी मंडळींसमोर हेच वाजवायचं. दत्तू गिटारवर, मी ड्रमवर.

ॲम्प्लिफायर कुठून आणणार? माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या रेडिओला मागे रेकॉर्ड प्लेअर जोडायची जागा होती, तिथे गिटारची वायर खुपसायचो. आवाज यायचा, पण एकदम सोज्वळ. भजनाला चालला असता.

चार महिने डोकं फोडलं. शेवटी मीच वैतागलो.

"काहीही कर यार दत्तू, पण तो आवाज काढ."

त्याने दाढीचं ब्लेड घेतलं, रेडिओ उघडला आणि स्पीकरचा कागदी पडदा तीन जागी चिरला. मग एक तार छेडली.

काय सांगू भिया. तोच आवाज, हूबहू. मी त्याला उचलून नाचलो.

संध्याकाळी अप्पांनी बातम्या लावल्या. बातम्याही गुरगुरल्या.

अप्पा होळकरांच्या फौजेतले. कमरेचा पट्टा काढला. पाठ सोलून निघाली. चौथ्या फटक्याला मी बोललो, "दत्तूने केलं. मी नको म्हणत होतो."

त्यांनी कोपऱ्यातली हॉकी स्टिक माझ्या हातात दिली. "मग जा. दाखव त्याला."

दत्तू त्याच्या ओट्यावर गिटार पुसत बसला होता. मला बघून हसला. पहिल्या फटक्याला त्याने हात आडवा केला. दुसऱ्याला हाड वाजलं.

अप्पा खिडकीतून बघत होते, म्हणून मी थांबलो नाही. पुढे लाथा घातल्या.

तो एवढंच म्हणाला, "अबे, तूच तर म्हणाला होता ना."

घरी त्याने सांगितलं, सायकलवरून पडलो. आठवड्याने प्लास्टरमधल्या हाताने आमच्या स्पीकरला कागद चिकटवून गेला. अप्पांना बातम्या नीट ऐकू यायला लागल्या.

मनगट पुन्हा पूर्ण वळलं नाही. कॉर्ड धरता येईना. त्याने गिटार विकली आणि जन्मभर लोकांचे रेडिओ दुरुस्त केले. माझ्याशी बोलणं मात्र कधी तोडलं नाही. त्याचाच मला जास्त त्रास झाला.

आज तिरडी बांधताना सगळ्यांसमोर त्याच्या मुलाला सगळं सांगितलं.

त्याने हातातल्या सुतळीची गाठ आवळली. मग म्हणाला, "बाबांनी मला सायकल घेऊ दिली नाही, काका. हात मोडतो म्हणायचे."

आणि म्हणाला, "तुम्ही खांदा देऊ नका."

नाही दिला. स्मशानापर्यंत सगळ्यांच्या मागे चालत गेलो.

दत्तू, मी नको म्हणालो नव्हतो रे. काढ म्हणालो होतो.

आता सगळ्यांना माहीत आहे. जा सुखाने, मित्रा.