चालू शे

तेलाच्या पत्र्याच्या डब्यावर सणसणीत थाप मारायची, माइक ओठांना भिडवायचा आणि म्हणायचं, "चालू शे." आमच्या गल्लीच्या रॉक रेडिओ केंद्राची उद्घोषणा एवढीच. थाप नीट बसली तर आवाज पार उधना स्टेशन ओलांडायचा. चुकली तर शेजारच्या खोलीतही पोचायचा नाही.

केंद्र चालवणारा हा सुरतेत माझ्या शेजारच्या लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर, काम करणारा धुळ्याकडचा गडी; त्याच्या अहिराणीत 'आहे'ला 'शे' म्हणतात. जुन्या रेडिओंची आतडी काढून त्याने डब्यात केंद्र थाटलं. परवाना लागतो हे त्याला ठाऊक होतं, म्हणूनच त्याने तो काढला नाही. तबकड्या एका पारशी म्हातारीने घर आवरताना दिलेल्या. विजेच्या गिटारी, ढोल आणि पायावर मागाचा धोटा पडल्यासारखे ओरडणारे गोरे.

"अरे, एखादं भजन लाव," मी म्हणायचो.

"भाऊ, दिनभर लूमपुढे उभा माणूसले बासरी ऐकू येस का? त्याले हाई दणकाच पाहिजे. मंग कळस, कान जित्ता शेतस."

खोटं नव्हतं. खटखटाटाने आम्ही सगळे निम्मे बहिरे. पण सुट्टीच्या दुपारी ते गोरे सुरू झाले की अख्खी गल्ली मान हलवायची. पलीकडच्या गोडादरा वस्तीतल्या म्हशी ठेक्यात शेपटी हलवायच्या. विश्वास नसेल तर म्हशींना विचारा.

त्याची एरियल म्हणजे अंगणातली कपडे वाळवायची तार. त्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, तिच्यावर ओलं लुगडं टाकलं की केंद्राचा घसा बसायचा. तो ओरडला की आतून उत्तर यायचं, "तुमना त्या बोंबलनारा लोकेसले सांगा, पहिले मनं लुगडं वाळू द्या."

एके दुपारी बिनपरवाना केंद्राच्या शोधात सरकारी जीप आली. त्याने झटकन डबा खाटेखाली ढकलला. पण साहेब आमच्याकडे वळलाच नाही. समोरच्या गल्लीत रेडिओ दुरुस्त करणारे एक गुजराती काका होते, त्यांच्या दुकानात शिरला.

"बोलनारो गुजराती ज छे," साहेब सांगत होता. "चोख्खुं बोले छे, चालू छे."

दुकानात रेडिओंचा ढीग. पुरावा हवा तेवढा. काकांना जीपमध्ये बसवलं. काका रडवेले झाले. "साहेब, आवुं संगीत तो हुं दुश्मनना कानमां पण न नाखुं."

मी आमच्या गड्याचा हात दाबून धरला. गप्प राहिला तर केंद्र वाचत होतं, लूमवरची जागा वाचत होती.

"छे?" तो पुटपुटला. "मी छे म्हनस?"

आणि हात झटकून थेट जीपपुढे. "साहेब, छे नही. शे. काकाले उतारा. केंद्र मनं शे."

"एक ज वात छे," साहेब वैतागला.

"एक नही शे. या, दाखाडस."

साहेबाला घेऊन तो खोलीत आला, डबा खाटेवर ठेवला, वायर जोडली. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या अंगणात गेल्या आणि तारेवरचं ओलं लुगडं ओढून खांद्यावर घेतलं.

थाप बसली. बाहेर जीपमधल्या रेडिओतून लख्ख आवाज आला, "चालू शे."

काका उतरले. तो साहेबाला म्हणाला, "एक तबकडी पुरी वाजू द्या, मंग लई जा." साहेबाने वाजू दिली. त्याचा बूटही हलत होता, असं मी म्हणतो. तो नाही म्हणेल.

डबा जप्त झाला. शेठने त्याला लूमवरून काढलं आणि सुरतेत दुसऱ्या कुणी उभं केलं नाही. तो आधी एकटाच खानदेशात गावी गेला. मागून वहिनींनी खोली रिकामी केली. मी भांड्यांची पोती बांधली आणि तार सोडवायला स्टुलावर चढलो.

"वहिनी, ही तांब्याची आहे. गुंडाळून देऊ?"

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"ऱ्हाऊ द्या भाऊ. चालू शे."