अर्ध्या दाण्याचा नियम

ईरा, नील, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, मॅटर म्हणजे नक्की काय?" मी "लिहून कळवते" म्हणाले. याच प्रश्नावर आमच्या जालन्याच्या कॉलेजात एका माणसाची नोकरी जाता जाता राहिली होती. ते फोनवर घाईत सांगण्यासारखं नाही.

मी तेव्हा फिजिक्सची विभागप्रमुख होते. पवार सर नवे, हुशार, पण टेंपररी. आमच्या संस्थेची पद्धत अशी, की पर्मनंट करण्याआधी अध्यक्ष स्वतः शेवटच्या बाकावर बसून तास ऐकत. अध्यक्ष बियाण्याचे व्यापारी. एमआयडीसीत त्यांचा बियाणं साफ करून पॅक करण्याचा प्लँट.

तास छान चालला होता. मध्येच अध्यक्ष म्हणाले, "सर, मॅटर म्हंजे काय ते एका लायनीत सांगा."

"ज्याला वस्तुमान असतं आणि जे जागा व्यापतं, ते मॅटर."

इथे थांबायचं होतं. सर थांबले नाहीत. "पण साहेब, इलेक्ट्रॉन किती जागा व्यापतो हे कुणालाच मोजता आलेलं नाही. तो नुसता बिंदू असल्यासारखा वागतो. आणि प्रोटॉनचं बहुतेक वस्तुमान आतल्या कणांचं नाहीच, त्यांना बांधून ठेवणाऱ्या ऊर्जेचं आहे. तेव्हा खरं सांगायचं तर..."

अध्यक्ष उठून केबिनमध्ये गेले. मागोमाग मला बोलावणं आलं.

"मॅडम, ह्याला मॅटरच माहीत न्हाई. मंग पर्मनंट कसं करू?"

टेबलावर त्यांच्याच सोयाबीनची पिशवी होती. लेबलवर 'शुद्ध बियाणे'च्या खाली छापलं होतं, 'इनर्ट मॅटर'.

"हे काय असतं, साहेब?"

"कचरा. माती, खडे, भुसकट, फुटके दाणे."

"फुटका झाला तरी दाणाच की तो!"

"अर्ध्याहून मोठा असला तर बियाणं. अर्धा किंवा बारीक असला की कचरा. लॅबचा नियम हाय."

"मोठा तुकडा उगवतो का?"

"ते वेगळं तपासतेत." मग जरा चिडून, "कुठंतरी रेघ मारावीच लागती ना, मॅडम!"

"पवार सरांचंही तेच म्हणणं आहे. फक्त आमच्या फिजिक्समध्ये रेघ कुठे मारायची यावर एकमत होत नाही."

अध्यक्ष हसले. "आमची रेघ सरकार मारतं. तुमच्यात लायसन देणारं कोणी न्हाई वाटतं!" त्यांनी सरांना आत बोलावलं. "पर्मनंट करायलोय तुम्हाला. पण पालकसभेत मॅटरवर बिलकुल बोलू नका."

धडा एवढाच, की व्याख्या मागणाऱ्याला आधी त्याच्या धंद्यातली व्याख्या विचारावी.

पवार सर अजून तिथेच शिकवतात. मॅटरची सगळ्यांना पटेल अशी व्याख्या अजून सापडलेली नाही.