दसऱ्यापर्यंतच्या गोळ्या

माझं माहेर भंडाऱ्याकडचं. आठवीतून शाळा सुटली आणि लग्न होऊन देवळालीजवळच्या या वस्तीवर आले. सुरुवातीला उसातून विहिरीकडं जायची वाटसुद्धा सापडायची नाही. थोरल्या जावेनं, अक्कांनी, सगळं शिकवलं. तापानं फणफणले तेव्हा त्यांनी मांडीवर डोकं घेऊन पेज भरवली. एवढ्या लांब माझं दुसरं कोण होतं? त्यांचा शब्द मी कधी मोडला नाही.

आमच्या घरात घट बसतात. त्या दिवसांत कुणाला पाळी आलेली चालत नाही, म्हणून आधीच मेडिकलमधून पाळी लांबवायच्या गोळ्या येतात. महालक्ष्म्या, घट, जागरण-गोंधळ, दिराचं लग्न. चार वर्षं मी गिळत आले. मूल राहीना म्हणून सरकारी दवाखान्यात गेले. नर्सबाईंनी विचारलं, "पाळी वेळेवर येते का?"

"सण नसला की येते."

त्या हसल्या नाहीत. कागदावर चित्र काढून त्यांनी समजावलं. मेंदूकडून हुकूम सुटतो, मग अंडाशयातून दोन हार्मोन येतात. एक गर्भपिशवीत अस्तर वाढवतं, दुसरं ते टिकवतं. दुसरं कमी झालं की अस्तर गळतं, तीच पाळी. "तुझी गोळी त्या दुसऱ्याचं सोंग घेते. शरीराला वाटतं, दिवस गेलेत." मूल न राहण्याचं कारण तेच, असं त्या म्हणाल्या नाहीत. पण उठताना बजावलं, "नुकती पाळी सुरू झालेल्या पोरींना डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नका. त्यांचं चक्र अजून बसायचं असतं."

दर सणाला माझ्या शरीराला वाटत होतं, दिवस गेलेत. घरी येईपर्यंत डोक्यात दुसरं काही आलं नाही.

गेल्या वर्षी घटांआधी अक्कांनी हाक मारली. "कोल्हारच्या बाजाराला चाललीस ना? गोळ्या आन. दोन पाकिटं. पोरीला बी लागतील."

त्यांची पोरगी तेरा वर्षांची. उन्हाळ्यातच तिला पाळी सुरू झालेली.

"अक्का, नर्सबाई म्हणत होत्या, एवढ्या लहान पोरीला…"

"नर्सबाई येनार हाय का घटाला माळ घालायला? सासूचा हात थरथरतो, यंदा पोरगीच घालनार. आन् तुला दिल्या तवा तुला काय झालं गं?"

मी कापडी पिशवी घेऊन निघाले. मेडिकलवाल्यानं विचारलं, "दोन पाकिटं? कुणासाठी?"

"माझ्यासाठीच," मी म्हणाले.

पोरीनं रोज माळ घातली. नवा परकर, केसात गजरा, सासूबाई कौतुकानं बघत होत्या. दसऱ्याला गोळ्या बंद केल्या आणि तिसऱ्या दिवशी रक्त सुरू झालं. आठवडा झाला, थांबेना. अक्का म्हणाल्या, "तुंबलेलं हाय, जाऊ दे." बाराव्या दिवशी पोरगी शाळेत प्रार्थनेला उभ्या उभ्या कोसळली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळ्या कुणी दिल्या?"

अक्कांनी माझ्याकडं बोट केलं. "हिनंच आनल्या."

खोटं नव्हतं. पोरीला रक्ताची बाटली लावली. अक्का चहाला गेल्या तेव्हा पोरीनं डोळे उघडले. ओठ पांढरेफटक.

"काकू, गोळ्यांचं तुला ठावं हुतं?"

"हो."

तिनं भिंतीकडं तोंड वळवलं.

आता ती बरी आहे, पण वर्ष होत आलं तरी माझ्याशी कामापुरतंच बोलते. परवा महालक्ष्म्यांच्या आधी अक्कांनी पुन्हा कापडी पिशवी पुढं केली. "दोन पाकिटं." पोरगी दारात उभी होती.

"न्हाई आणणार, अक्का. तिच्याबी न्हाई आन् माझ्याबी न्हाई."

"माझ्याच हातची पेज खाल्लीस," एवढंच त्या बोलल्या.

ते मी विसरलेले नाही. पिशवी खुंटीला अडकवताना मला रडू येत होतं. पोरगी अजून दारातच होती.